पांढरा साका

पहिली बाटली अंबाझरीच्या सांडव्याखाली.
तोंड बुडवून, तिरपी धरून,
एकही बुडबुडा आत जाऊ न देता —
हे जमायला मला वर्ष लागलं.
मग पिपेटनं एक औषध, मग दुसरं, मग बूच,
आणि बाटली उलट सुलट, उलट सुलट.
साका तपकिरी बसला तर पाण्यात श्वास आहे,
जितका गडद तितका जास्त.
पांढरा बसला तर नाही.

अंबाझरीला कोऱ्या चहासारखा.
अशोक चौकाच्या पुलाखाली दूध जास्त झालेला चहा.
पारडीच्या पुढे
दही.

पुलावरचा पानठेलेवाला वाकून विचारतो,
"नाल्याचं पानी कायले भरता जी?"
माझ्या फॉर्मवर छापलेलं आहे: नदीचे नाव.
मी दर महिन्याला त्या रकान्यात 'नाग' लिहिते
आणि हात धुवून, तरी नाकाला हात न लावता,
हिरामणच्या गाडीत बसते.
तो डबा पुढच्या सीटवर ठेवतो, माझ्यापासून लांब.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसनं धाडलं होतं
गोदावरीच्या मुखाशी, दहा दिवस, प्रशिक्षणाला.
तिथे चिखलातून वर आलेली खारफुटीची मुळं पाहिली,
बोटभर उंच, हजारो, श्वासासाठी बाहेर काढलेली.
सत्यवती गुडघाभर गाळात उभी राहून बाटली भरायची,
खेकडे तिच्या पायांवरून जायचे.
मी म्हटलं, आमच्या नागपुरात समुद्र नाही.
ती हसली नाही. नकाशावर बोट ठेवलं खाडीवर
आणि सरकवत नेलं वर:
गोदावरी, प्राणहिता, वैनगंगा, कन्हान,
आणि नखाखाली मावेल अशी एक रेघ.
"तुम ऊपर का, हम नीचे का," एवढंच.

तेव्हापासून महिन्याच्या पाच तारखेला
तिच्या बाटल्यांचा फोटो येतो.
गडद, गडद, एखादी फिकट,
खाली लिहिलेलं: भरती, ओहोटी, क्षार किती.
मीही पाठवते.
फक्त अंबाझरीची.
चोवीस महिने
फक्त अंबाझरीची.

या पाच तारखेला पारडीची पाठवली.
का, ते सांगता येणार नाही.
उन्हं उतरली होती, हिरामण टायर बघत होता,
बाटली हातात होती आणि दुसरी काही नव्हती.

वाटलं, ती आता काही बोलणार नाही.
किंवा बोलेल, ते जास्त वाईट.
रात्री उत्तर आलं:
"परत तपकिरी कुठे होतो? किती किलोमीटरवर?"

मला माहीत नव्हतं.
आमची ठिकाणं कन्हानच्या संगमाशी संपतात,
पुढचं पाणी दुसऱ्या कार्यालयाचं.

रविवारी एसटीनं अंभोऱ्याकडे गेले,
पिशवीत सहा बाटल्या, गमछ्यात गुंडाळलेल्या.
काठाला जलपर्णी इतकी दाट की बगळा चालत होता.
तुळशीराम दिघोरे डोंगा सोडून देईचना,
आधी विचार, कोणाची, कायची, सरकारची का.
मग वल्हं मारत म्हणाला,
"पयले मरळ भेटे इथं, आता निसता मांगूर.
मांगूराले पानी नाई लागत,
थो वर येऊन हवा खाते."

मधल्या धारेत त्यानं डोंगा थांबवला.
मी बाटली भरली, औषधं सोडली, हलवली.
दोघं वाट पाहत बसलो.
साका हळू खाली यायला लागला.
"पांढरं निंगालं त चांगलं न, बाई?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, नाही, उलटं आहे.
तो बाटलीकडे बघत राहिला.
तळाशी रंग आला होता,
वाळल्या पिंपळपानाचा, तोही कडेला.
तो रंग धरायचा की नाही,
हे मला एकटीला ठरवायचं नव्हतं.

मी बाटली उन्हाकडे धरली
आणि त्याला म्हटलं, तुम्ही सांगा.